जायला शून्य मिनिटं

३ नोव्हेंबर
एलित्साचा बेलग्रेडहून फोन. नात तीन आठवड्यांची झाली आणि मी अजून सोफियातच! "बाबा, विमानाने तासाभराचं तर अंतर. आई असती तर चालत आली असती." फोन आपटला. मग मीही आपटला.

हिची आई खरंच गेली असती चालत. पण पेट्रोल संपल्यावर जी वस्तू रस्त्याच्या कडेला लावता येत नाही, तिच्यात मी बसत नाही. हे पोरीला ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर
नकाशा पाहिला. रस्त्याने चारशे किलोमीटर. आपली जुनी मॉस्कविच गाडी काढावी म्हटलं. कोपऱ्यापर्यंत गेली – उतार होता म्हणून. वरच्या मजल्यावरच्या स्तांकाबाई गॅलरीतून बघत होत्या. "ढकलत न्या! नातीच्या लग्नाला नक्की पोचाल."

बाईंना दुसरा उद्योग नाही.

६ नोव्हेंबर
तिकीट काढलं. स्तांकाबाई शेजारी उभ्या होत्या, पळून जायची सोय नव्हती.

घरी येऊन वाचतो तर – निघणार चार वाजता, पोचणार चार वाजता! तिकीटवालीला फोन केला. "काका, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे आहे. बरोबर आहे ते." म्हणजे जायला शून्य मिनिटं. घाबरायला वेळच नाही! हे इतकी वर्षं मला कुणी का सांगितलं नाही?

परतीचं मात्र पाचला निघून सातला. तेच विमान, तेच अंतर, आणि दोन तास. शुद्ध लबाडी.

९ नोव्हेंबर
पोचलो.

निघताना स्तांकाबाईंनी दारात पाणी ओतलं. माणसाचा प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून सगळेच ओततात, पण मगभर. बाईंनी बादली आणली. "पहिल्यांदा उडताय, मगाने भागायचं नाही." बूट, मोजे, गुडघ्यापर्यंत पँट – सगळं चिंब.

विमानतळावर तपासणीवाल्याने ल्युतेनित्साची बरणी अडवली. घरच्या भाजलेल्या मिरच्यांची चटणी, एलित्साच्या आवडीची. टाकून द्या म्हणे. मी तिथेच बाकावर बसून पाव काढला आणि खायला लागलो. त्यालाही एक तुकडा दिला. "मीठ जरा जास्त झालंय," म्हणाला, आणि दुसरा मागितला.

शून्य मिनिटं एवढी लांब असतात हे माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंचा हात धरला तो उतरल्यावरच सोडला. त्यांचा नवरा पलीकडेच बसला होता. भला माणूस.

११ नोव्हेंबर
नातीला नाक माझं आलंय. बिचारी. माझं बोट धरून झोपते, त्यामुळे जेवण डाव्या हाताने.

१६ नोव्हेंबर
आज परत निघायचं होतं. बॅग घेऊन दारात उभा. एलित्सा नुसतीच उभी.

"पाणी कुठंय?"

"नाही ओतणार."

"अगं, प्रवास सुरळीत कसा होईल?"

"व्हायला कुणाला हवाय?" म्हणाली आणि आत निघून गेली. जावई वुकाशिनने गाडी काढली.

विमानतळावर धुकं. पुढचं माणूस दिसेना. विमान रद्द! स्तांकाबाईंना फोन केला. "पाणी ओतलं नव्हतं ना? मग!"

१७ नोव्हेंबर
धुकं गेलं. लख्ख ऊन. एलित्साने सकाळीच मगभर पाणी दाराशी आणून ठेवलं होतं. ते मी गॅलरीतल्या कुंडीला घातलं.