दोन्ही याद्यांबाहेरचे सदतीस

३ जून

सात! भाचीने आज माझा प्रोग्राम उघडला आणि मोजून दाखवलं — एकच काम मी सात ठिकाणी लिहिलंय. मोतीबिंदूवाले निवडायचे, त्याच ओळी. मधुमेहवाले, त्याच. काचबिंदूवाले, पुन्हा त्याच. फक्त मधली अट वेगळी. "मावशी, उद्या काही बदलायचं झालं तर सात ठिकाणी शोधत बसशील."

डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बावीस वर्षं काढली. पन्नाशीनंतर एकटीने हे शिकले. दोन वर्षं दवाखान्याच्या सगळ्या याद्या माझ्याच प्रोग्राममधून निघतात. आणि कालची पोर मला शिकवणार!

बरोबर बोलत होती, म्हणून जास्तच राग आला.

५ जून

झालं. एकच फंक्शन — एकदा लिहायचं, सातही ठिकाणी तेच वापरायचं. नाव ठेवलं 'चाळणी'. तिला दोन गोष्टी द्यायच्या — पेशंटच्या नोंदींची यादी आणि एक अट. ती एकेक नोंद अटीपुढे धरते. अट 'हो' म्हणाली की नोंद नव्या यादीत, नाही तर पुढची. मूळ यादीला धक्का नाही. अट कुठलीही द्या, तिला काही घेणंदेणं नाही.

यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चाळणी? आहे की आपल्याकडे. ओट्याखाली."

६ जून

दोनशे दहा ओळी होत्या. आता चौतीस. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

९ जून

अटी एकमेकींना जोडताही येतात! 'काचबिंदू आहे' ही एक, 'शेवटच्या फेरतपासणीला वर्ष उलटलं' ही दुसरी. दोन्ही जोडून चाळणीला दिल्या. डॉक्टरबाईंनी मागितलेली यादी त्यांचा चहा निवायच्या आत टेबलावर. एकशे बहात्तर नावं. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. पेशंट आपणहून येत नाही, त्याला बोलवावं लागतं, असं बाई नेहमी सांगतात.

यादी चाळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही नसता तर अवघड होतं." एवढंच. पण घरी येईपर्यंत तेच घोळवत होते.

१० जून

मिरवायची हौस नडली. बाईंना उरलेलेही दाखवू म्हटलं — 'वर्षाच्या आत येऊन गेले' अशी नवी अट लिहिली. एक हजार एकतीस. त्यात एकशे बहात्तर मिळवले, बाराशे तीन. काचबिंदूचे एकूण पेशंट बाराशे चाळीस.

तीनदा चालवून पाहिलं. सदतीस माणसं इकडेही नाहीत, तिकडेही नाहीत.

११ जून

सापडली. ही माणसं एकदाच आलेली. काचबिंदू निघाला, थेंब दिले, महिन्याने या म्हटलं — आलीच नाहीत. म्हणून 'शेवटची फेरतपासणी' हा रकाना रिकामा. रिकाम्या रकान्याला विचारलं, वर्षाच्या आधीचा का? नाही. वर्षाच्या आतला का? तेही नाही. झालं, दोन्हीकडून बाहेर.

आणि ही अट आजची नाही. जुन्या प्रोग्राममध्येही हीच होती, माझ्याच हातची. दोन वर्षं सगळ्यांना फोन गेले. ज्यांना सगळ्यात आधी जायला हवा होता, त्यांनाच गेला नाही.

अजून कुणाला कळलेलं नाही. गुपचूप दुरुस्त केलं तर कळणारही नाही.

१२ जून

सांगितलं. बाईंच्या खोलीत उभी राहून, एका दमात. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "दोन वर्षं, ताई." मग, "सदतीस फोन कोण करणार?"

"मी."

"कधी?"

"आत्ता लागते."

१६ जून

तेहतीस जण येऊन तपासून गेले. दोघांचे नंबर बंद. एक बाई दुसरीकडे उपचार घेताहेत, त्यांनी मलाच धीर दिला. राहिले एक. घड्याळं दुरुस्त करणारे आहेत. मुलीचा हात धरून आले. उजवा डोळा गेलाय.

रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं धरून चाललो."

मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "डावा आहे ना अजून? त्याचं बघा." डावा वाचेल, असं डॉक्टरबाई म्हणतात. मी आतल्या खोलीत जाऊन रडून आले.

१७ जून

चाळणी आता तीन ढीग करते. 'हो', 'नाही' आणि 'सांगता येत नाही'. तिन्हींची बेरीज एकूण नोंदींशी जुळली नाही तर अडून बसते, यादीच देत नाही. बदल एका जागी केला, सातही याद्या सुधारल्या. सात नकला असत्या तर एखादी नक्की राहिली असती.

भाचीला दाखवलं. बराच वेळ वाचत होती. "मावशी, हे मी आमच्या ऑफिसात वापरू?"

वापर म्हटलं. एवढं मोठं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि त्या घड्याळवाल्यांमुळे ते धड घेताही येईना.

२० जून

आमच्या संस्थेचे आणखी सहा दवाखाने आहेत. बाई म्हणाल्या, सगळ्यांना पाठवा. पत्राची पहिली ओळ मी अशी लिहिली — 'माझ्या चुकीमुळे सदतीस पेशंट दोन वर्षं यादीबाहेर राहिले.'

यांनी वाचून चष्मा काढला. "चूक कशाला सांगतेस गावभर? नुसती चाळणी पाठव."

"नुसती पाठवली तर कोण चालवून बघणार आहे?"

यांनी पत्र पुन्हा वाचलं. थोड्या वेळाने पत्रातला एक काना राहिला होता, तो दाखवला.

२७ जून

पाच ठिकाणांहून 'मिळालं, आभारी आहोत'. सहावा दवाखाना सगळ्यात मोठा. तिथून आज फोन. चाळणी चालवली म्हणे. तिसऱ्या ढिगात चारशे बारा. एवढे फोन करायला त्यांच्याकडे माणूस नाही.

म्हटलं, यादी इकडे पाठवा.