बोड्नारांच्या तळघरातली मेणबत्ती

मी, बोड्नार वेंदेल, वय शहात्तर, धंदा वाइन करणे, राहणार शारोशहेज, हंगेरीतल्या तोकायच्या टेकड्यांखाली, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. पत्नी पिरोश्का सहा वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. आधीचे मृत्युपत्र मी आज चुलीत घातले.

१. राहते घर माझी पुतणी ऑर्शोया, माझा दिवंगत धाकटा भाऊ अलायोश याची मुलगी, हिला मिळावे. छप्पर गळते. ते मी स्वतः तीनदा दुरुस्त केले, म्हणूनच गळते. कौले घालणाऱ्याला बोलवावे.

२. पिंपे बांधायची हत्यारे शेजारी गेरेबेन याला द्यावीत. माझी शिडी एकोणीस वर्षे त्याच्याकडेच आहे, तीही दिली असे समजावे. निदान मेल्यावर तरी तो मला कंजूष म्हणणार नाही.

३. तळघर व त्यातला सर्व माल ऑर्शोयाला, पण एका अटीवर. हवा खेळवण्याची यंत्रणा जाणकाराकडून बसवून घेईपर्यंत त्यात कोणीही उतरू नये. बँकेतली माझी सगळी शिल्लक त्याच कामाला लावावी. माझ्या दफनानंतरचे जेवण आणि पिणे वर अंगणात व्हावे. रिवाजाप्रमाणे तळघरात पेला उचलायला कोणी गेलेले मला चालणार नाही.

या अटीचे कारण लिहिणे भाग आहे.

आजोबांनी हे तळघर चार पिंपांसाठी खणले. आम्ही दोघा भावांनी दोन नवी भुयारे काढून पिंपे अडतीसवर नेली. शरद ऋतूत रस आंबू लागला की त्यातून वायू सुटतो, तो दिसत नाही. म्हणून आमच्याकडे पेटती मेणबत्ती घेऊन उतरतात. विझली की मागे फिरायचे. वडील, आजोबा, सगळे असेच उतरले.

अलायोश म्हणाला, "दादा, हे आता आजोबांचं तळघर राहिलं नाही. कुणीतरी शिकलेला माणूस बघून जाऊ दे की."

त्याने मिश्कोल्त्सहून हॉल्मोश टेक्ला नावाच्या इंजिनिअर बाईंना आणले. त्या माझ्या हातातल्या मेणबत्तीकडे बघून म्हणाल्या, "ही विझायच्या आधीच माणसाला भोवळ येते. शिवाय तुम्ही ती छातीशी धरता. वायू खाली, पायाशी साचतो."

मी म्हणालो, "बाई, आमच्या तीन पिढ्या हिच्यावर जगल्या. तुम्ही पुस्तकं वाचलीत, आम्ही वाइन केली." आणि त्यांना दार दाखवले. अलायोशचा चेहरा लाल झाला. "निदान एक पंखा तरी लाव, दादा," तो म्हणाला. मी सांगितले की पंख्याने चव जाते. हे मी तिथल्या तिथे रचले होते.

चार पिंपांपुरते मला कळत होते. पाचव्या पिंपालाच कोणाला तरी विचारायला हवे होते. पण विचारले तर गावात आपली किंमत कमी होईल, एवढीच मला भीती होती.

४. त्या बाई येऊन गेल्या त्याच वर्षी चौदा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता अलायोश एकटा खाली उतरला आणि मेला. पोलिसांना, पाद्रीबाबांना आणि ऑर्शोयाला मी सांगितले की तो मेणबत्ती न घेताच गेला. तेव्हापासून अकरा वर्षे ती मृतात्म्यांच्या दिवशी त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावते. आज सकाळीही लावली आणि म्हणाली, "बाबा, एवढं साधं कसं विसरलात हो?" मी शेजारी टोपी हातात धरून उभा होतो.

ऑर्शोया, तुझा बाप विसरला नव्हता. खालची तोटी उघडायला दोन्ही हात लागतात, म्हणून मेणबत्ती पिंपावर ठेवून तो वाकला होता. मी श्वास रोखून गेलो तेव्हा तो जमिनीवर पडला होता आणि वर मेणबत्ती नीट जळत होती. भिंतीवरचा विजेचा दिवा चालू होता, मला उजेडाची गरज नव्हती. तरी मी आधी मेणबत्ती चिमटीने विझवून मुठीत घेतली. ती जळताना कोणी बघू नये म्हणून. एका हातात ती, दुसऱ्या हातात त्याची कॉलर. तिसऱ्या पायरीवर कॉलर सुटली आणि तो परत खाली गेला. मग मी दोन्ही हात लावले. डॉक्टर म्हणाले, मिनिटभर आधी वर आला असता तर वाचला असता.

त्या मेणबत्तीचा तुकडा माझ्या टेबलाच्या खणात तंबाखूच्या डब्यात आहे. तो तुझा.

५. अलायोशच्या शेजारची जागा माझ्या नावाने राखलेली आहे. मला तिथे पुरायचे की नाही, हे ऑर्शोयाने ठरवावे. कुठेही पुरले तरी माझ्यावर मेणबत्ती लावू नये.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

सही: बोड्नार वेंदेल

साक्षीदार:
१. त्सिराकी ओदोन, पोस्टमास्तर (निवृत्त)
२. वेरेबेय इलदिको, परिचारिका

स्थळ: शारोशहेज
दिनांक: २ नोव्हेंबर २०१९