कस्तुरीसारखा बिनबाह्यांचा ब्लाउज

१० मार्च, मंगळ.
कस्तुरी निपाणीला येणार! सीरियलमधली, खरीखुरी. २२ ला, साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. आम्हा कस्तुरीवेड्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून धुमाकूळ. मागं ती सीरियलमध्ये दरीत पडली तेव्हा आम्ही अकरा जणींनी संकष्टी धरलेली. विमलआक्कांचा (अध्यक्ष, स्वतःच नेमलेल्या) हुकूम: सगळ्यांनी तिच्यासारखी पिवळी साडी, बिनबाह्यांचा ब्लाउज.
त्रेचाळीस वर्षांत दंड उघडे टाकून मी उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. शाळेच्या ऑफिसात फॉर्म तपासताना दिवसभर डोळ्यापुढं पिवळं पिवळं.

१२, गुरु.
भारतीआक्कांकडं शिवायला टाकला. नेहमीसारखा मापाचा ब्लाउज पुढं केला, लग्नातला. अठरा वर्षं तोच देते. आक्का हसल्या. "ह्यो मी कवाच बघायचा सोडलाय गं. थोडं थोडं वाढवूनच शिवत आले. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय."
आणि मी बांधा टिकून आहे असं गावभर सांगत फिरले! लाज वाटली, मग लई हसले. म्हटलं, आता टेपच लावा. आरशासमोर हात वर करून उभी. दंड साडेपंधरा.
आईचे असेच होते. भाकरी थापताना हलायचे. मी चुलीपाशी बसून तेच बघत राहायची. किती आवडायचे मला.

१७, मंगळ.
ब्लाउज आला. घालून पंख्याखाली बसले. दंडाला वारा असा लागतो, ठाऊकच नव्हतं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या देव जाणे, भाताचा लगदा.
दारात सई. लेक माझी, पीयूला आहे, म्हणजे अकरावीला. "आई, हे घालून जाणार? लोक रील काढतील."
स्वतः ह्या उकाड्यात जॅकेटमध्ये. फॅशन आहे म्हणते. वर्गात कोणी तरी दंडावरून बोललं, तेव्हापासून अंगातून काढत नाही. जीव तुटतो माझा. पण जन्मभर झाकून हिंडलेली मी, कुठल्या तोंडानं सांगू?

२१, शनि.
ह्यांना विचारलं, कसं दिसतं? पेपरातून डोकं न काढता, "बरं दिसतंय की."
शाल न्यावी का? वि.आक्का फोनवर: "शाल आणलीस तर ग्रुपातनं काढीन बघ."
सईला म्हटलं, चल. "बघू."

२२, रवि.
सई आली. जॅकेटसकट.
स्टँडवर आम्हा पिवळ्या बायकांना बघून एक आजोबा, "हळद कुणाकडं हाय?"
शाल नेली नव्हती. पहिली दहा मिनिटं पदर दंडावर ओढत राहिले, मग विसरलेच.
आणि कस्तुरी? मनगटापर्यंत बाह्या, गळा बंद! वि.आक्कांनी तोंडावर विचारलं, हे काय गं? ती हळूच म्हणाली, "वजन वाढलंय हो. बोलतात लोक." एवढीशी झाली बिचारी. मला गलबलून आलं. तिच्या हातावर हात ठेवला, म्हटलं, छान दिसतेस. खरंच दिसत होती. सईनं फोटो काढला.
परतीच्या बसमध्ये सई फोटो मोठा करून बघत होती. लई वेळ. मग, "आई, तुझे हात माझ्यासारखेच आहेत गं."
"व्हय."
संकेश्वर गेल्यावर बघितलं तर जॅकेटची चेन अर्ध्यावर आलती. उकडत असेल. मी खिडकीबाहेर बघत राहिले.