आडवेळेचं मडकं

॥ श्री ॥
येळ्ळूर, श्रावण वद्य ५, शके १८६५

सौ. नागुबाई विहीणबाईंस,

येळ्ळूरहून अंबुबाईचा रामराम. इकडं सगळं बरं हाय. आण्णाप्पा पाव्हण्यांच्या गुडघ्याला उतार पडला असंल असं धरून चालते. चौकशी झाली. आता कामाचं.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. अक्षर लागलं न्हाय तर परत वाचा, पण मष्णूच्या हातात देऊ नका. तुमचा लेक हाय, तरी देऊ नका. कारण खाली कळंल.

तुमची लेक, माझी सून सौ. जया परवा तुमच्याकडं पोचली असंल. आईला बरं न्हाय म्हणून गेली. आषाढातबी हेच कारण हुतं, त्याच्या आधीबी हेच. एवढं दुखणं असलं तर माणूस पत्रात लिवतो. तुम्ही कधी लिवलं न्हाय. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुम्हाला ठावं हाय, लढाई लागल्यापासून मी आडवेळेचं मडकं ठेवलंय. भात शिजाय टाकताना त्यातली एक मूठ मागं, मडक्यात. पाव्हणं आलं तरी मूठ चुकत न्हाय, मी कमी जेवते. फणसाच्या आठळ्या मातीत घोळून ठेवल्यात. रॉकेल जपायचं म्हणून उजेड हाय तोवरच जेवणं उरकतो. सरकारची लेवी गेल्यावर घरात भात राहतो किती, ते तुमच्याबी घरात दिसतच असंल.

तर मडक्यातलं कुणी काढतंय का बघावं म्हणून मी खळ्यावर राशीला करतो तसं केलं. तांदूळ सपाट करून वर राखेनं पंजा उठवला. कुणाचा हात लागला की तो मोडणार. आषाढात जया तुमच्याकडनं आली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पंजा दिसंना. तांदूळ कमी झाला नव्हता. वाढला हुता. वर जाडा, तांबडा तांदूळ. आमच्या शिवारात असला पिकत न्हाय, तुमच्या खानापूरकडं पिकतो.

चोरी झाली असती तर बरं, भांडून मोकळी झाले असते. पण आपला नसलेला तांदूळ घरात म्हणजे काय? तलाठी शिपाई घेऊन झडती घेत फिरतोय. मष्णू लाकडाच्या गाड्या घेऊन बेळगावात कॅम्पात जातो, कंत्राटदारांत त्याची उठबस. काळ्या बाजारातला माल तो बहिणीच्या घरात लपवतोय, असंच मी धरलं आणि गप्प राहून नजर ठेवली. स्पष्ट लिवते. राग आला तर येऊ दे.

परवा जया निघाली तेव्हा दारातच विचारलं, हा माल कुणाचा. पोरीनं पदर सावरला. मग म्हणाली, "ओटीतला हाय, आत्या. आई भरते ती."

म्हणजे देसूर स्टेशनावर शिपाई बायकांची बोचकी सोडून बघतो, पण सवाष्णीच्या ओटीला हात लावत न्हाय, हे तुम्ही मायलेकींनी बरोबर हेरलं. दर खेपेला ओटी म्हणून पदर फाटंस्तोवर तांदूळ. आणि तुम्ही काय खाताय, विहीणबाई? ते विचारायला हे पत्र न्हाय, पण काय खाताय?

मी तिला म्हटलं, एवढी घाई कसली, सुगी आता लांब न्हाय. तर म्हणाली, "भरत्यात तोवर आणून ठेवते."

एवढंच बोलली आणि स्टेशनाच्या वाटंला लागली.

मी उंबऱ्यावरच बसले. भरत्यात तोवर. माझी ओटी भरायची बंद झाली तेव्हा मी तिच्याहून फार मोठी नव्हते, ह्या बोलण्याचा अर्थ मला कुणी सांगाय नको. माझ्या लेकाचं, भावकूचं पलटणीतनं पत्र शिमग्यापासून न्हाय. मी गावात सांगते, लढाईत टपाल उशिरा येतं. जयाबी तेच सांगते. पण माझ्या तोंडाकडं न बघता सांगते.

मष्णूला कॅम्पात पलटणीची माणसं भेटत्यात. त्याला माझ्या लेकाचं काय कळलंय का? त्यानं तुम्हाला सांगितलं, तुम्ही जयाला, आणि मला तेवढी बाजूला ठेवली? आडवेळेची तयारी करणारी मी, आणि सून माझ्या पुढं गेली ती कशामुळं?

पत्रात लिवू नका. इथं टपाल आणणारा आधी वाचतो, मग देतो. असं करा. तसली खबर असली तर जयाला ओटी न भरता पाठवा. रिकामा पदर बघून मी समजंन.

नको. वरचं धरू नका. खोडाय गेले तर शाई पसरंल आणि दुसरा कागद न्हाय. खबर कसलीबी असू दे, पोरीची ओटी भरूनच लावून द्या. पाच मुठी भरा, जास्त नको, तुमची चूल आधी बघा. ती आली की मी काय विचारणार न्हाय. राखेचा पंजासुद्धा आता उठवणार न्हाय.

तिच्या नावाआधी सौ. लिवलंय, ते मुद्दाम लिवलंय. तुम्हीबी तसंच लिवत जा.

मडक्यात अजून जागा हाय.

दोघांची वाट बघणारी,
गं. भा. अंबुबाई