कारंज्याखालचा बूट

जालना,
४ एप्रिल

प्रिय ज्योत्स्ना,

तुमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर आपण डबा खात होतो आणि तुझा डावा बूट आत पडला, आठवतं? दुसऱ्या दिवशी तू एक बूट, एक चप्पल अशी शाळेत आलीस. सिस्टर म्हणाल्या, देवाला दोन्ही पाय सारखेच प्रिय. पण प्रार्थनेला मागच्या रांगेत उभी राहा.

तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालते. (हल्ली मी भिंत धरून चालते.) आईंना नमस्कार सांग.

माझा फ्लॅट तुमच्याच मळ्यावर उभ्या राहिलेल्या वसाहतीत आहे, हे तुला सांगायचं राहिलं. खरं तर म्हणूनच घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात पानापानावर झाडं आहेत आणि कंपनीत सामाजिक जबाबदारीचा वेगळा विभाग. त्या विभागाने पाणीबचतीचं प्रतीक म्हणून मधोमध कारंजं बांधलं. ते टँकरच्या पाण्यावर चालतं. आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, पण पाहुणे येणार असले की कारंजं सुरू. माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या उषाबाई पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या, “बाई, प्यायला न्हाई म्हणत्यात आन् हितं उडवून राह्यले.”

गेल्या गुरुवारी पर्यावरणाचं प्रशस्तिपत्र देणारे तीन पाहुणे आले. कारंजं उडालं आणि उषाबाईंनी शांतपणे त्याखाली घागर लावली. मागोमाग साऱ्या बायका. मीही बादली घेऊन गेले (शाळेच्या शिस्तीत, रांगेत, ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत). पाहुण्यांना फिरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना मात्र ही सामूहिक पाणीवाटपाची योजनाच वाटली. त्यांनी फोटो काढले आणि जादा गुण दिले.

हसत घरी परतले, तर जिन्यात रखमाजी थांबलेले. तुमचे जुने सालदार, आता इथले माळी. म्हणाले, “ताई, कारंज्याखाली आपलीच हिर हाय. बुजवली न्हाई, निस्ता वर स्लॅब टाकलाय.” म्हणजे विहिरीवर उभं राहून आम्ही टँकरची वाट पाहत होतो. मग हसू येईना.

कंपनीच्या त्या सामाजिक जबाबदारीच्या विभागातल्या अर्पिताला भेटले. पोरगी सरळ आहे. कंपनीच्या नकाशात विहीरच नाही. जुना कागद आणा, मी वीस तारखेच्या बैठकीत मांडते, म्हणाली.

बाकी सगळं ठीक. ऊन फार आहे.

तुझी,
साधना

ता. क. पत्र कशासाठी, ते तू ओळखलंच असशील. विहिरीची नोंद असलेला जुना सातबारा तुझ्या ट्रंकेत आहे. त्याची नक्कल वीसच्या आत अर्पिताच्या हाती पडू दे. मूळ कागद तुझ्याकडेच ठेव. रखमाजींचं नाव कुठेही घेऊ नकोस, त्यांची नोकरी जाईल.

ता. क. २. विहीर उघडली तर पहिली घागर उषाबाईंची, दुसरी रखमाजींच्या रोपांना. आणि बूट निघाला तर तो तुलाच मिळावा. तो पडला नव्हता, मीच पायाने लोटला होता. तुझे बूट नवे होते, माझे ताईचे जुने.