ह्यांचा गाण्याचा फोन

३ मार्च, सकाळ
आजपासून ह्यांचा छोटा फोन मी वापरणार. काडेपेटीहून जरासा मोठा, खास गाण्यांसाठी केलेला. बाजूला लाल बटण. दाबलं की गाणं सुरू. कॉल करायला मात्र चार ठिकाणी दाबावं लागतं. बनवणाऱ्याने माणूस ओळखलाय. हेही बोलायचे कमी, गायचे फार. स्वतःचीच गाणी भरून ठेवलीत त्यात. सुराचं सोडा, आवाज ह्यांचा.
माहितीपुस्तिका दोनदा वाचली. शाळा लवकर सुटली, तरी वाचनालयातलं निम्मं कपाट मी संपवलंय. हे तर चिटोरं.

दुपार
माझ्या जुन्या फोनवर मुलगी. म्हणाली, आई, दिवसभर बाबांच्या आठवणीत बसणार असशील तर मी येऊन तुला उचलून नेईन. मी म्हटलं, मला वेळ कुठाय? पँटींच्या झिपा बसवायच्या पडल्यात.
तिला कळता कामा नये. हे घर आणि हे शिलाई मशीन सोडून मी कुठेही जाणार नाही. तेव्हा इयरफोन. ऐकायचं ते गुपचूप.

४ मार्च
फोनला दोन भोकं. इयरफोनचं कुठलं, मी बरोबर ओळखलं. प्लग अडून अडून गेला; चांगली वस्तू घट्टच असते. आवाज लांबून येतोय असं वाटलं, म्हणून पूर्ण वाढवला. आता झकास! फोन एप्रनच्या खिशात, वायर कानात, मशीन चालू. ह्यांनी वरचा सूर धरला आणि तो निसटला. मी म्हटलं, अहो, झेपेल तेवढंच! किती दिवसांनी हसले.
कुणाला पत्ता नाही.

६ मार्च
एकच गाणं पुन्हा पुन्हा लागतं. मला तेच आवडतं.
खालच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली. रात्रपाळी करते, दुपारी झोपते. म्हणाली, काकू, आज उशीर केलात? मी म्हटलं, कशाला? ती नुसती हसली. बिचारी. जागरणाने होतं असं.

९ मार्च
पोस्टमन शीळ घालत जिना चढला. ह्यांचंच गाणं, आणि निसटला तोही त्याच जागी! म्हणजे ह्यांच्यासारखे जगात आणखी आहेत. आनंदाने मशीनभोवती गिरकी घेतली. टाचण्यांची डबी सांडली. सांडू दे.

११ मार्च
मुलगी म्हणाली, आई, तुझा आवाज खुललाय. म्हटलं, कामात असते ना. मी खरं तर नाटकात जायला हवं होतं.

१४ मार्च, संध्याकाळ
दुपारी फोनची बॅटरी संपली. थोड्या वेळाने दारात नर्स, केस विस्कटलेले. म्हणाली, काकू, काकांचं गाणं बंद का? मला झोप येईना. मी म्हटलं, कुठलं गाणं? तिने माझ्या खिशातला फोन काढून प्लग दाखवला. अर्धाच गेलेला. म्हणाली, रोज सगळी बिल्डिंग ऐकते. तुम्ही काकांना दटावता तेसुद्धा.
मी तिला आत ओढून दार लावलं. म्हटलं, बाई गं, माझ्या मुलीला सांगू नकोस, नेईल मला. ती म्हणाली, ती तर रोज मला फोन लावून ऐकते. मी खिडकीत धरते. तिच्याकडे कुठाय काकांचा आवाज?
लगेच मुलीला फोन लावला. भांडायची पूर्ण तयारी.  ती म्हणाली, राहा तिथेच, आई. तू हसतेस तेही ऐकू येतं मला. फक्त उद्या बाबांचं दुसरं गाणं लाव ना.
म्हटलं, लावते की, त्यात काय!
चष्मा लावून फोन उलटसुलट करत बसलेय. पुढचं गाणं कुठल्या बटणाने लागतं, मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं.