नमुना दोनशे चौदा

दि. ११ मार्च, बुधवार

ती. ताईंना नमस्कार.

घरी सगळे बरे असतील असं धरून लिहितो. माझी तब्येत ठीक आहे.

गेल्या वर्षी राहून गेलेली माझी तोंडी परीक्षा आज झाली. सातला उठलो, दाढी केली, नऊच्या बसने कॉलेजला गेलो. माझ्या आधी तिघे होते. सगळे पंचविशीच्या आतले. माझा नंबर साडेअकराला आला आणि पाऊण तासाने सोडलं. पास झालो. अहवालात एक पान नव्याने घालायचं आहे, त्याला आठ दिवस दिलेत. दोनला घरी येऊन जेवलो आणि आता लिहायला बसलो आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय माझा फोन तुम्ही उचलाल की नाही याचीही खात्री नाही.

काल भाचीचा फोन आला होता. तिने तुम्हाला न विचारता केला. तिला रागावू नका. ती म्हणाली, "काका, आई अजून त्या पाण्याच्या काचेच्या जगाचंच घेऊन बसते. रोज कधीतरी म्हणतेच, माझ्या डोळ्यांदेखत धाकटीच्या हातून जग पडला आणि मी तिला धांदरट म्हणाले. मला का नाही कळलं?" मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही. पण ते उत्तर नव्हतं, एवढं नक्की. म्हणून हे पत्र.

आधी त्या अभ्यासाचं सांगतो. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "मास्तर, पन्नाशीत हे काय खूळ?" आणि मी हसून सोडून दिलं होतं. खूळ माझं नव्हतं. प्राचार्यांनी सांगितलं की पुढे शाळेत यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची आहे, कोणीतरी दोन वर्षं शिकून या. ज्यांची मुलं लहान होती ते सुटले. ज्यांना पाठीचा त्रास होता तेही सुटले. राहिलो मी, पंचवीस वर्षं लेथ मशीन शिकवणारा. पहिले सहा महिने मला काही कळायचं नाही. गणित विसरलो होतो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरायचो. तुमची बहीण चष्म्याच्या दुकानातून दमून यायची आणि म्हणायची, "बाळ, गृहपाठ झाला का? मगच जेवायला मिळेल."

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. आमच्या प्रयोगशाळेत दोन यंत्र-हात आहेत, एकाच मापाचे. एक शिकवणारा, एक शिकणारा. शिकवणारा हात माणसाने धरून काम करायचं. शिकणारा हात तसंच करत जातो आणि प्रत्येक हालचालीची नोंद होते, सेकंदाला पन्नास वेळा. एकदा केलेल्या कामाला आम्ही नमुना म्हणतो. असे तीनशे नमुने जमले की त्यावरून संगणकाचं मॉडेल शिकतं आणि मग माणसाशिवाय तो हात ते काम करू लागतो. काम कोणतं घ्यायचं, असं सरांनी विचारलं. सर माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान आहेत. मी म्हणालो, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवायचा. मनात तीच होती. एकोणीस वर्षं ती तेच करत होती आणि तिच्यासारखं करणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं.

ती सुट्टीच्या दिवशी, रविवारी, माझ्याबरोबर यायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर. पहिल्याच दिवशी हाताकडे बघून म्हणाली, "अच्छा, म्हणजे संध्याकाळी उशीर होतो तो हिच्यामुळे. आणि आता सवतीला मीच शिकवायचं!" मुलं खूप हसली. तेव्हापासून वर्गात त्या हाताचं नाव सवतच पडलं. आज परीक्षेतसुद्धा एकाच्या तोंडून गेलं. ती त्या हाताशी बोलत बोलत काम करायची. "घाई नको गं, स्क्रू काही पळून चालला नाही." एका वेळी तीस नमुने व्हायचे. मग डबा खायचा आणि घरी यायचं.

दोनशेच्या पुढे नोंदींत फरक दिसायला लागला. आलेखावर स्क्रू बसायच्या जरा आधी रेघ थरथरायची. अगदी बारीक. डोळ्यांनी हाताकडे बघितलं तर काही दिसत नसे. दोनशे चौदा नंबरच्या नमुन्यात मला ती पहिल्यांदा स्पष्ट दिसली. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मी सरांना दाखवली. ते म्हणाले, "गिअर ढिला असेल, नाहीतर सेन्सरचा गोंधळ. गाळून टाका." अशा गोष्टी गाळायची सोय असते. आकड्यांची गाळणीच म्हणा. ती लावली की रेघ गुळगुळीत होते. मलाही यंत्राचाच दोष वाटला. गाळणी लावली. आधी तो हात शंभरातले एकसष्ट स्क्रू बसवत होता, मग अठ्ठ्याऐंशी बसवायला लागला. मी घरी मिठाईचा पुडा नेला. ती म्हणाली, "चला, सवत पास झाली."

डिसेंबरमध्ये आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तो काचेचा जग फुटला. तुम्ही म्हणालात, "अगं धांदरटा, लहानपणापासून तशीच तू!" त्यावर तुम्ही स्वतःला किती दोष देता ते काल कळलं. ताई, परतीच्या बसमध्ये ती काय म्हणाली ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, "ताई रागावली ना की मला बरं वाटतं. पुन्हा सात वर्षांची झाल्यासारखं वाटतं." आणि मग माझ्या खांद्यावर झोपली. एवढंच झालं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून थरथरतो?" ती म्हणाली, "असतील दोन-तीन आठवडे." मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी कळलं असतं तर मेंदूतली ती गाठ लहान असती, शस्त्रक्रिया करता आली असती. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, एका घरात राहून तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

मी म्हणालो, नाही.

मेमध्ये ती गेली. त्यानंतर आपण बोललो नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात म्हणून आपलं बोलणं थांबलं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. तुम्ही दोनदा फोन केलात. तेव्हा मी घरीच होतो.

वर मी लिहिलं की मला यंत्राचा दोष वाटला. पान फाडून पुन्हा लिहिता आलं असतं, पण राहू देतो. ते खरं नाही.

मी लेथवर वाढलेला माणूस आहे. यंत्र थरथरलं तर आधी ते तपासायचं, हे मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्या दिवशी सर घरी गेल्यावर मी तो शिकवणारा हात उघडला. गिअर घट्ट होते. मग तोच हात माझ्या हाताने धरून वीस स्क्रू बसवले. माझे स्क्रू वाकडे बसले, पण रेघेत थरथर नव्हती. वहीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: यंत्रात दोष नाही.

मग दोष कशात उरला, हे कळायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

तरी मी गाळणी लावली. का, हे दहा महिने स्वतःला विचारतो आहे. घाबरलो होतो म्हणालो तर तुम्हाला माझी दया येईल, पण मी घाबरलो नव्हतो. ती दमली असेल असं वाटलं आणि मला तेवढंच पुरलं. अजून साठ-सत्तर नमुने व्हायचे होते. ते तिचे नसते तर आधीचे सगळे फुकट गेले असते, कारण दोन माणसांचे हात मिसळले की मॉडेल गोंधळतं. पुढच्या रविवारी निघताना ती म्हणाली, "हल्ली बोटं लवकर दमतात हो." मी म्हणालो, "एवढे झाले की संपलं." ती आली. एकही रविवार चुकवला नाही. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्या त्या कागदावर माझा हात कसा दिसतो?" मी तिला गाळलेला आलेख दाखवला. ती खूश झाली. म्हणाली, "बघा, एकोणीस वर्षांचा हात आहे, गंमत नाही."

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

आज बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक बाई आल्या होत्या. साठीच्या असतील. बाकीच्यांनी हात काम करताना बघितला, मान डोलावली. या बाई म्हणाल्या, "गाळल्यानंतरचं दाखवलंत. जे गाळून टाकलंत ते कुठे आहे? तेवढंच दाखवा."

हे सोपं असतं. मूळ आकड्यांतून गाळलेले वजा करायचे. मी ते कधी केलं नव्हतं. सगळ्यांसमोर केलं. पडद्यावर नुसती थरथर आली, तीनशे नमुन्यांची, एकाखाली एक. वरचे दोनशे जवळजवळ सपाट. मग बारीक. मग वाढत वाढत गेलेली. सेकंदाला पाच वेळा, नेमाने.

बाई म्हणाल्या, "यंत्राचा गोंधळ असा दर आठवड्याला वाढत जात नाही. हे काय आहे?"

मी म्हणालो, "हा माझ्या बायकोचा हात आहे. ती आजारी होती. पुढे गेली."

सर म्हणाले, "मॅडम, तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं." चांगल्या मनाने म्हणाले. मी मान हलवली असती तर तिथेच संपलं असतं.

मी म्हणालो, "मला दिसलं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "अहवालात तसं लिहा. काय गाळलं आणि का गाळलं. पुढे शिकणाऱ्यांनी वाचायला हवं." तेच ते एक पान.

ते पान लिहायच्या आधी तुम्हाला लिहायला हवं होतं. तुम्ही एक जग पडताना बघितलात. जग कोणाच्याही हातून पडतो. माझ्याकडे दोनशे चौदापासून तीनशेपर्यंतचे आकडे होते, तारखांसकट. तुमच्याकडून काही चुकलं नाही, ताई. तुमच्या धाकट्या बहिणीला वेळेवर डॉक्टरकडे नेणं ज्याच्या हातात होतं तो मी होतो. आधी नेलं असतं तर ती वाचलीच असती असं डॉक्टरसुद्धा म्हणाले नाहीत. पण तिला ती संधी मिळाली नाही. आणि व्हरांड्यात मी तुमच्याशी खोटं बोललो.

मला क्षमा करा असं लिहिणार नाही. तसं लिहिलं की तुमच्यावर उत्तर द्यायची जबाबदारी येते. तुम्ही फक्त त्या जगाचं मनातून काढून टाका. माझ्याशी संबंध ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. जे ठरवाल ते मला बरोबर वाटेल. तो आलेख पाठवत नाही. मागितलात तर पाठवीन. भाचीला हे पत्र वाचायला द्यायला माझी हरकत नाही. तिने फोन केला नसता तर आज त्या बाईंसमोर मी काय बोललो असतो, सांगता येत नाही.

एक विचारायचं राहिलं. तिचा दुकानातला बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा संच इथे आहे. दुकानवाल्यांनी परत घेतला नाही. तुम्हाला हवा असेल तर तो तुमचा आहे.

आता थांबतो. साडेपाच होत आलेत. दोरीवर मोठी चादर वाळली आहे, ती काढायची आहे. एकट्याला तिची घडी नीट घालता येत नाही. दोन टोकं कपाटाच्या दारात अडकवतो, दार लावतो आणि उरलेली दोन धरून मागे मागे जातो. मग ताणून घडी घालतो.

तुमच्या बहिणीचा नवरा,
मास्तर